पाण्याच्या थेंबातले एंझाइम : रबाळ्यातील प्रयोगशाळेचा अनुभव

घन कणांनी स्थिर केलेल्या इमल्शनमध्ये (एका द्रवात पसरलेल्या, त्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाच्या थेंबांमध्ये), म्हणजेच पिकरिंग इमल्शनमध्ये, एंझाइम (जैविक उत्प्रेरक) वापरून एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनणारे संयुग) तयार करण्याचे काम मी जून २०२३ मध्ये हाती घेतले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पाच लिटरच्या भांड्यापर्यंत येऊन पोहोचले. या विषयावर शोधनिबंध भरपूर आहेत. मात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या लहान कारखान्याच्या प्रयोगशाळेत, मोजक्या उपकरणांनिशी आणि परवानग्यांच्या चौकटीत राहून हे काम कोणत्या क्रमाने करावे लागते, हे सांगणारे लिखाण मला मराठीत मिळाले नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मला त्याची फार उणीव भासली, म्हणून तारखा, खर्च आणि वाट पाहण्याचे काळ यांसह हे लिहून ठेवत आहे.

आमची कंपनी सुगंधद्रव्यांसाठी लागणारे एस्टर बनवते. त्यांपैकी हेक्झिल हेक्झानोएटची जुनी पद्धत सरळ आहे. हेक्झानोइक आम्ल आणि हेक्झानॉल टोल्युइनमध्ये पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्लासोबत उकळायचे, तयार होणारे पाणी डीन-स्टार्कच्या सापळ्यातून (पाणी वेगळे करणाऱ्या काचेच्या उपकरणातून) काढत राहायचे आणि शेवटी उरलेले आम्ल सोडा बायकार्बच्या पाण्याने धुऊन टाकायचे. या पद्धतीत माल पिवळसर होतो, तो पुन्हा ऊर्ध्वपातित करावा लागतो आणि धुण्याचे खारट पाणी सांडपाण्यात वाढते. मे २०२३ मध्ये एका ग्राहकाने रंगाची मर्यादा कडक केली, तेव्हा कमी तापमानाला चालणारी एंझाइमची वाट तपासून पाहायचे ठरले. येथे एक गोष्ट नमूद करते. एंझाइमने बनवलेला माल आपोआप ‘नैसर्गिक’ ठरतो, असा समज बाजारात आहे. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या १३३४ क्रमांकाच्या नियमावलीनुसार खाद्यस्वादासाठी तसा दावा करायचा असेल, तर प्रक्रियेबरोबर कच्चा मालही वनस्पतिजन्य, प्राणिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य असावा लागतो. आमचे हेक्झानॉल पेट्रोरसायनांपासून येते, त्यामुळे आमचा उद्देश पहिल्यापासून रंग आणि सांडपाणी एवढ्यापुरताच होता.

लायपेज हे एंझाइम पाण्यात एस्टरचे विघटन करते आणि सेंद्रिय द्रावकात, पाणी कमी असताना, तेच उलट दिशेने एस्टर बनवते. झॅक्स आणि क्लिबॅनोव्ह यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की डुकराच्या स्वादुपिंडातील लायपेज जवळजवळ कोरड्या द्रावकात १०० अंश सेल्सिअसलाही काम करत राहते. आज या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे कॅन्डिडा अंटार्क्टिका लायपेज बी रेझिनच्या मण्यांवर बसवलेले तयार मिळते. आमच्या सरांनी पहिल्याच बैठकीत विचारले, “तयार मणी मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?” प्रश्न रास्त होता, आणि हे काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला आधी विचारावा. माझे उत्तर असे होते. मणी महाग असतात, ढवळणाऱ्या भांड्यात ते भरडले जातात आणि त्यांचा चुरा गाळणीत अडकतो. शिवाय पुढे आम्हाला ज्या एंझाइमांचा विचार करायचा आहे, ती अशा मण्यांवर तयार मिळतीलच याची खात्री नाही. द्रवरूप एंझाइम तुलनेने स्वस्त असते, पण त्याला पाणी लागते, आणि आपला कच्चा माल तर तेलात. पाणी व तेल नुसते एकावर एक ठेवले, तर पाच सेंटीमीटर व्यासाच्या बीकरमध्ये दोघांची गाठ पडते ती जेमतेम २० चौरस सेंटीमीटरच्या सीमेवर. तेच ३० मिलिलिटर पाणी ५० मायक्रोमीटरच्या थेंबांत विभागले, तर सीमेचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटरच्या वर जाते.

असे थेंब साबणासारख्या पृष्ठसक्रिय द्रव्यानेही बनवता येतात. पण ते द्रव्य पुढे मालातून काढणे कठीण असते आणि एंझाइमलाही अनेकदा मानवत नाही. घन कणांचा गुण निराळा आहे. वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी १९०७ मध्ये हे नोंदवले होते की बारीक घन कण तेल-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतात आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. खोबऱ्याच्या किसात घोळवलेल्या लाडवासारखा प्रत्येक थेंब कणांनी वेढला जातो. २०२३ च्या पावसाळ्यात वाचन करताना मी स्वतः एक हिशेब मांडला आणि त्यानेच माझा या पद्धतीवर विश्वास बसला. कण सीमेवरून ओढून काढण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या आणि आंतरपृष्ठ ताणाच्या प्रमाणात असते. त्रिज्या १० नॅनोमीटर, ताण मीटरला ५० मिलिन्यूटन आणि स्पर्शकोन (कणाला पाणी किती भिजवते हे दाखवणारा कोन) ९० अंश धरला, तर ही ऊर्जा खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ३,८०० पट येते. म्हणजे एकदा बसलेला कण आपणहून उठत नाही. साबणाचे रेणू मात्र सतत ये-जा करत असतात. कोन ९० अंशांपासून दोन्हीकडे जसजसा दूर जातो, तसतशी ही ऊर्जा झपाट्याने घटते, म्हणून सगळा भर योग्य ओलेपणाचा, म्हणजे पाणी आणि तेल दोन्हींनी पुरेसा भिजणारा, कण निवडण्यावर असतो. २०११ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी अशा सिलिकाच्या कवचातील एंझाइमने सेंद्रिय द्रावकात अभिक्रिया घडवल्याचे प्रसिद्ध केले आणि नंतर चीनमधील शान्सी विद्यापीठातील गटाने तीच कल्पना न ढवळता व सतत प्रवाहात चालवून दाखवली. पाया भक्कम होता; आमच्या हाताशी मात्र ना कण होते, ना एंझाइम.

सप्टेंबर २०२३ मध्ये कणांचा शोध सुरू केला. आम्हाला तेलात पाण्याचे थेंब हवे होते. कणांना जे द्रव जास्त भिजवते तेच बाहेरचे द्रव ठरते, त्यामुळे थोडी पाणीद्वेषी सिलिका लागणार हे स्पष्ट होते. डायक्लोरोडायमिथाइलसिलेनने प्रक्रिया केलेली फ्यूम्ड सिलिका (सिलिकाची अतिशय बारीक, हलकी भुकटी) रंग आणि सीलंट बनवणारे कारखाने नेहमी वापरतात, म्हणून ती मिळणे अवघड नाही. अडचण प्रमाणाची असते. भिवंडीत गोदाम असलेल्या वितरकाने दहा किलोचे पोते हा किमान व्यवहार सांगितला. किंमत किलोला हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे पैशांचा प्रश्न फारसा नव्हता. पण या भुकटीचे एक लिटर भरते ५० ग्रॅमच्या जवळपास, त्यामुळे दहा किलो म्हणजे दोनशे लिटरचा फुगीर ढीग झाला असता आणि आमच्या भांडारात त्याला कोरडी जागा नव्हती. कंपनीच्या लेटरहेडवर वापराचा उद्देश लिहून नमुना मागितला, तेव्हा साधारण तीन आठवड्यांनी तीन वेगवेगळ्या प्रतींचे अर्धा-अर्धा किलोचे डबे विनामूल्य आले. सोबत प्रत्येक प्रतीचे विश्लेषण प्रमाणपत्र आणि सुरक्षा माहितीपत्रक आठवणीने मागून घ्यावे, कारण पुढे प्रत्येक अर्जात ते लागते. फ्यूम्ड सिलिका अस्फटिक असली तरी डबा उघडताच धुरासारखी उडते. मुखपट्टी लावल्याशिवाय आणि फ्यूमहूडच्या (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटाच्या) बाहेर ती तोलू नये.

तिन्ही प्रतींची पहिली परीक्षा फुकटात झाली. पाण्याने भरलेल्या परीक्षानळीत चिमूटभर भुकटी टाकली आणि थेंबाथेंबाने मिथेनॉल मिसळत गेले. जी भुकटी लगेच बुडाली ती पाण्याला फार जवळची; जी भरपूर मिथेनॉल घालूनही तरंगत राहिली ती फार पाणीद्वेषी. मधल्या प्रतीवर मी खूण केली आणि पुढचे जवळजवळ सगळे काम तिच्यावरच झाले. सिलिका स्वतः सुधारण्याचा पर्याय निबंधांत सर्रास दिलेला असतो, पण क्लोरोसिलेन वापरताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तयार प्रत मिळत असताना लहान प्रयोगशाळेने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एंझाइमची मागणी ऑक्टोबरमध्ये नोंदवली. १८ टक्के जीएसटी धरून बिल चाळीस हजारांच्या घरात गेले आणि माल परदेशातून यायचा असल्यामुळे बाटली हातात पडेपर्यंत डिसेंबर उजाडला. ही प्रतीक्षा मनाला फार लागली, कारण बाकीची सगळी तयारी झाली होती. शीतसाखळीचा माल शनिवारी दुपारी गेटवर येऊन सोमवारपर्यंत पडून राहू नये, म्हणून खरेदीपत्रातच ‘सोमवार ते गुरुवार पोहोच’ असे लिहावे आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकांना खोक्याचे चित्र दाखवून ठेवावे. आमच्याकडे पाळीवर असलेल्या काकांनी खोके आल्या आल्या फोन केला आणि दहा मिनिटांत बाटली २ ते ८ अंशांच्या फ्रीजमध्ये गेली.

व्यापारी द्रवरूप लायपेजमध्ये ग्लिसरॉल, सॉर्बिटॉल यांसारखी स्थिरकारके आणि परिरक्षके असतात, आणि ती इमल्शनमध्ये ढवळाढवळ करू शकतात. या लायपेजचा रेणू सुमारे ३३ किलोडाल्टनचा (हे रेणूभाराचे एकक) आहे, म्हणून १० किलोडाल्टनच्या पडद्यातून बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुतल्यावर एंझाइम वर राहते आणि लहान रेणू खाली निघून जातात. धुण्याआधी आणि नंतर पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेटच्या पिवळ्या रंगावरून सक्रियता मोजली, तेव्हा थोडीच घट दिसली. काचेच्या भांड्यांबाबत मात्र कसोशीने वागावे लागते. भांडी घासण्याच्या साबणाचा अंशही कणांशी स्पर्धा करतो. आम्ही या कामाची भांडी वेगळ्या कपाटात ठेवली आणि ती गरम पाण्याने, मग इथेनॉलने धुण्याचा नियम केला.

जानेवारी २०२४ मध्ये पहिली खरी इमल्शने तयार झाली. सिलिका आधी तेलात पसरवायची, पाण्यात नाही. कण सुरुवातीला कुठे ठेवले यावरही इमल्शनचा प्रकार अवलंबून राहतो. साठ मिलिलिटर हेप्टेनमध्ये (हेच आमचे ‘तेल’) दीड टक्का सिलिका हलवून दुधाळ, पातळ मिश्रण झाले. त्यात तीस मिलिलिटर एंझाइमचे बफर ओतले, भांडे बर्फात ठेवले आणि थोडा थोडा वेळ थांबून उच्च गतीने घुसळले. बर्फ यासाठी की घुसळण्याने द्रव तापते, आणि भांडे काठोकाठ भरलेले यासाठी की हवेचे बुडबुडे शिरले तर हवा-पाण्याच्या सीमेवर एंझाइमचा आकार बिघडतो. यंत्र बंद केल्यावर एक-दोन मिनिटांत पांढरा, रवाळ थर तळाशी बसला आणि वर स्वच्छ हेप्टेन उरले. हे फुटलेले इमल्शन नव्हे. पाणी हेप्टेनपेक्षा जड असल्यामुळे थेंब खाली बसतात, पण कणांच्या कवचामुळे एकमेकांत मिसळत नाहीत. त्या थराचा एक थेंब पाण्यात टाकला तर तो गोळीसारखा तसाच राहिला आणि हेप्टेनमध्ये टाकला तर क्षणात पसरला, म्हणजे बाहेरचे द्रव तेलच होते. मिथिलीन ब्लू टाकून केलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली निळे, काळपट कडांचे गोल दिसले, बहुतेक चाळीस ते ऐंशी मायक्रोमीटरचे. काही थेंब पूर्ण गोल नव्हते, किंचित चेपलेले होते आणि तसेच राहत होते. कवच ताठ असल्याची ती खूण पाहून मला मनापासून आनंद झाला. एंझाइम त्या निळ्या गोलांच्या आत होते आणि बाहेर निव्वळ हेप्टेन.

मार्चमध्ये कच्चा माल घालून अभिक्रिया सुरू केली. तेलात अर्धा मोलर आम्ल आणि तेवढेच अल्कोहोल, तापमान ४० अंश, ढवळणे नाही, फक्त संथ हलवणारी तबकडी. नमुना घेणे सोपे असते: तबकडी थांबवली की थेंब खाली बसतात आणि वरच्या स्वच्छ तेलातून एक मिलिलिटर पिपेटने काढता येते. इथेनॉलमधील दशांश नॉर्मल कॉस्टिक पोटॅश आणि फिनॉल्फ्थॅलीन एवढ्या सामग्रीवर उरलेले आम्ल मोजता येते. गॅस क्रोमॅटोग्राफी आम्ही महाप्यातील बाहेरच्या प्रयोगशाळेतून, नमुन्याला हजार रुपयांच्या आसपास देऊन, फक्त शेवटच्या नमुन्यांसाठी करून घेतली. हेक्झानोइक आम्लाला बोकडाच्या अंगाला येतो तसा उग्र दर्प असतो आणि एस्टरला फळांचा गोड वास. संध्याकाळच्या लोकलने ठाण्याकडे जाताना माझ्या बाहीला त्या दिवशी कोणता वास आहे, यावरून मला रूपांतर किती झाले असावे याचा अंदाज येऊ लागला होता. आकडा मात्र टायट्रेशनचाच वहीत जात असे.

याच टप्प्यावर एक गोष्ट समोर आली, आणि नव्याने सुरू करणाऱ्याला ती सर्वांत जास्त गोंधळात टाकेल असे मला वाटते. एंझाइम न घातलेल्या नियंत्रण नमुन्यातही पहिल्या तासात तेलातले आम्ल काही टक्क्यांनी घटलेले दिसले. एस्टर तर बनणे शक्य नव्हते. कारण पाण्यात होते. हेक्झानोइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्ल आयनीभूत होते तो आकडा) ४.८८ आहे आणि आमचे फॉस्फेट बफर पीएच ७ चे होते. आम्ल थेंबात शिरताच आयनीभवन होऊन तिथेच अडकते आणि बफरची ताकद संपेपर्यंत हे चालू राहते. इमल्शन फोडून पाण्याचा पीएच मोजला, तर तो पाचच्या आसपास उतरला होता. कागदावरचा हिशेबही तेच सांगत होता. म्हणजे ‘पीएच ७ ला अभिक्रिया केली’ असे वहीत लिहिले, तरी एंझाइम प्रत्यक्षात पाचच्या जवळच काम करत असते. या लायपेजला ते सोसते. सगळ्या एंझाइमांना सोसेलच असे नाही. पुढे आम्ही बफर आधी कच्च्या मालाच्या तेलाबरोबर समतोलात आणून, मग त्यात एंझाइम मिसळून इमल्शन करू लागलो आणि शून्य वेळेचे टायट्रेशन त्यानंतर धरू लागलो. नियंत्रण नमुना नसता, तर ते काही टक्के आम्ही एंझाइमच्या खात्यात जमा केले असते.

दुसरी बाब अल्कोहोलची. हेक्झानॉल स्वतः सीमेवर जमते, ताण कमी करते आणि कणांचे ओलेपणही बदलते. नुसत्या हेप्टेनमध्ये आठवडाभर टिकणारे इमल्शन जास्त अल्कोहोल असताना दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी सोडू लागले. म्हणून स्थिरतेची चाचणी नेहमी खऱ्या कच्च्या मालासह, खऱ्या तापमानाला करावी. अर्ध्या मोलरच्या आत राहून आणि अल्कोहोल दोन हप्त्यांत घालून हा प्रश्न सुटला. द्रावकाशिवाय, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल हेच तेल मानून, इमल्शन टिकवणे आम्हाला जमले नाही.

एप्रिलअखेर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रूपांतर नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊ लागले. पाण्याने भरलेल्या थेंबांत एस्टर बनते कसे, असा प्रश्न सरांनी विचारला आणि तो अनेकांना पडतो. एस्टर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; बनताच ते तेलात निघून जाते आणि तयार झालेले पाणी थेंबात सामावते, म्हणून समतोल एस्टरच्या बाजूला झुकतो. आमच्या प्रमाणात सगळे आम्ल संपले तरी नवे पाणी अर्ध्या मिलिलिटरच्या थोडेच वर, तेही तीस मिलिलिटरमध्ये मिसळणारे.

पद्धतीचा खरा फायदा यानंतर कळला. वरचे तेल उपसून काढायचे, तेवढेच नवे तेल ओतायचे, आणि तेच थेंब पुन्हा कामाला लागतात. गाळणी नाही, मणी नाहीत, धुणे नाही. पहिल्या काही फेऱ्यांत वेग जवळपास तोच राहिला, नंतर थेंब मोठे होत गेले आणि रूपांतर हळूहळू उतरले. उपसलेल्या तेलात सिलिकाचा अंश येतो का, हे तपासणे ग्राहकाच्या दृष्टीने आवश्यक होते. तेल बारीक पडद्यातून गाळले, मग हेप्टेन उडवून उरलेला माल मूषेत (उष्णता सोसणाऱ्या लहान भांड्यात) घेऊन भट्टीत जाळला आणि राख तोलली. न गाळलेल्या मालात ती दिसली, गाळलेल्यात आमच्या तराजूला जाणवली नाही. मालाचा रंग जवळजवळ पाण्यासारखा होता.

मे-जूनमध्ये प्रयोगांपेक्षा कागदपत्रे आणि सुरक्षितता यांतच जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. हेप्टेनचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे चार अंशांच्या आसपास आहे. प्रयोगशाळेतील बहुतेक हस्तधार्य घुसळयंत्रांच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात आणि त्यांतून ठिणग्या उडतात. तोवरची लहान इमल्शने आम्ही नायट्रोजनच्या आवरणाखाली, सुरक्षा अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने केली होती. लिटरच्या प्रमाणासाठी त्यांनी ते स्वच्छ नाकारले आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू न देणाऱ्या) मोटरीचे घुसळयंत्र स्थानिक बनवणाऱ्याकडून करून घेतले; दीड लाखाच्या वर खर्च आला आणि यंत्र यायला दोन महिने लागले. हेप्टेनची विद्युतवाहकता फार कमी असल्यामुळे भांडे आणि यंत्र दोन्हींना अर्थिंग द्यावे. वीस मिलिलिटरच्या बाटलीसाठी यंत्राची गरजच नसते, हाताने जोरात हलवूनही परीक्षेपुरते इमल्शन होते.

साठ्याचा नियमही नीट वाचावा लागला. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार ‘अ’ वर्गातील द्रव, म्हणजे २३ अंशांखाली ज्वलनबिंदू असलेले, विक्रीसाठी नसेल तर एका जागी एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. मात्र काचेचे भांडे एक लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. ही मर्यादा एकूण साठ्याची आहे. आमच्या आवारात टोल्युइनचा परवानाधारक साठा आधीच असल्यामुळे हेप्टेन वेगळ्या सवलतीत न धरता त्याच परवान्याच्या प्रमाणात बसवून घेतले. वापरलेली सिलिका आणि द्रावकाचे अवशेष २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात धरून नोंदवले. तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, वाहतुकीसाठी नमुना १० ची प्रत लागते आणि वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत भरावे लागते. आमचा कचरा तळोज्याच्या सामायिक सुविधेकडे जातो.

प्रयोगशाळेतील चाचणी आणि उत्पादन यांत कागदोपत्रीही फरक आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात उत्पादने व त्यांची प्रमाणे नोंदलेली असतात, त्यामुळे नवी प्रक्रिया उत्पादनात न्यायची तर सुधारित संमती घ्यावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही ऑनलाइन अर्ज केला. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सनदी लेखापालांचे प्रमाणपत्र आधी काढून ठेवावे. प्रक्रियेचा आराखडा, पदार्थांचा ताळेबंद आणि जुन्या-नव्या पद्धतीतील सांडपाण्याची तुलना एकाच तक्त्यात दिली, तर बेलापूरच्या कार्यालयात समजावून सांगताना खूप सोपे जाते. आमच्या तक्त्यात बायकार्बच्या धुण्याची ओळ नव्या बाजूला कोरी होती, आणि अधिकाऱ्यांनी पहिली विचारणा त्याच ओळीबद्दल केली.

पाच लिटरचे काम सप्टेंबरमध्ये सुरू झाले. मोठ्या भांड्यात घुसळण्याची तीव्रता सगळीकडे सारखी पोहोचत नाही; भिंतीजवळचे थेंब मोठे राहिले, वेग उतरला आणि काही दिवस मन फार खट्टू झाले. उपाय इमल्शनच्या स्वभावातच होता. ते टिकते, म्हणून एकेक लिटरने बनवून मोठ्या भांड्यात एकत्र करता येते. मोठ्या भांड्याला मग फक्त जहाजाच्या नांगराच्या आकाराच्या पात्याने संथ ढवळणे पुरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चाचण्यांत लहान बाटलीइतके रूपांतर मिळाले, जरी वेळ थोडा जास्त लागला.

खर्चाचा हिशेब मांडला तर यंत्र, एंझाइम, बाहेरच्या चाचण्या आणि किरकोळ सामान मिळून एकूण रक्कम साडेतीन लाखांच्या जवळ गेली. पगार आणि संमतीचे शुल्क त्यात धरलेले नाही. या एका एस्टरपुरते बोलायचे, तर रेझिनच्या मण्यांची स्तंभात भरून चालवलेली पद्धतही चांगली आहे, आणि ज्यांच्याकडे तशी सोय आहे त्यांनी केवळ नवेपणासाठी ही वाट धरू नये. कच्चा माल तेलात आणि एंझाइमला मोकळे पाणी हवे, अशा जोडीला मात्र मला यापेक्षा सोयीची मांडणी दिसत नाही. म्हणूनच पुढे बेंझाल्डिहाइड लायेज घेण्याचा विचार आहे. ते दोन बेंझाल्डिहाइड रेणूंना जोडून बेंझॉइन बनवते आणि त्याला थायमिन डायफॉस्फेट व मॅग्नेशियम लागते. दोन्ही पाण्यातच राहणारे असल्यामुळे ते थेंबाबाहेर जाण्याची भीती कमी आहे.

कोणाला प्रयत्न करायचा असेल, तर सिलिकाच्या दोन-तीन प्रतींचे नमुने, वीस मिलिलिटरच्या झाकणाच्या बाटल्या, एक ब्युरेट आणि शक्य तेवढे ताजे एंझाइम एवढ्यावर सुरुवात होते. यंत्राचा खर्च त्यानंतरचा. वापरून झालेले इमल्शन फोडायला इथेनॉल मिसळून सेंट्रिफ्यूज करावे. सिलिका तळाशी बसते, ती इथेनॉलने धुऊन १०५ अंशांना वाळवली की मिथेनॉलची तीच परीक्षा घेऊन पुन्हा वापरता येते का ते ठरवता येते. आमच्याकडे अशी वाळवलेली सिलिका बाटल्यांत भरून, तारीख आणि भुकटी बुडायला लागलेल्या मिथेनॉलचा आकडा लिहून ठेवलेली आहे. संमतीचा अर्ज विचारणांच्या टप्प्यावर आहे आणि तो निघाल्यावर पहिली उत्पादन-चाचणी घेतली जाईल.